खड्गत्राता : वन्य प्राण्यांची नाणी आणि एका समासाचे तीन विग्रह

नाण्यांचा अभ्यास हा इतिहासकारांचा आणि हौशी संग्राहकांचा प्रांत आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याचे तेथे काही काम नाही, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती फारशी बरोबर नाही. नाण्यावर शब्द असतात, चित्र असते, त्या दोहोंत काही एक संबंध असतो आणि हे सारे बोटाच्या पेराएवढ्या जागेत बसवावे लागते. इतक्या कठोर बंधनात सिद्ध झालेली संहिता साहित्याच्या अभ्यासकाने वाचू नये, तर कोणी वाचावी? प्राचीन भारतातील काही नाण्यांवर तर छंदोबद्ध ओळी आहेत; आणि निदान एका नाण्यावर असा श्लेष आहे, की अलंकारशास्त्राच्या तासाला त्याच्यावर एक दिवस सहज खर्ची घालावा. प्रस्तुत लेखात आम्ही त्या श्लेषाचे बोट धरून नाण्यांवरील वन्य प्राण्यांचा, आणि विशेषतः स्मारक नाण्यांवरील वन्य प्राण्यांचा, काही इतिहास मांडणार आहोत.

या विषयाला एक अलीकडचे निमित्त आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे व्याघ्रप्रकल्पाच्या पन्नास वर्षांचा समारंभ झाला आणि त्यात पंतप्रधानांच्या हस्ते ५० रुपयांचे एक स्मारक नाणे प्रसिद्ध करण्यात आले. असली नाणी बाजारात फिरत नाहीत. सरकारी टांकसाळी ती आकर्षक वेष्टनात घालून, दर्शनी मूल्याहून अधिक किमतीला, संग्राहकांना विकतात. २०११च्या नाणेविषयक कायद्यात स्मारक नाण्याची जी व्याख्या आहे, तिचा आशय असा, की ते एखाद्या विशिष्ट प्रसंगाच्या वा घटनेच्या स्मरणार्थ काढलेले असावे. म्हणजे काटेकोरपणे पाहता २०२३चे नाणे वाघाचे स्मारक नाही. ते वाघासाठी शासनाने हाती घेतलेल्या कार्याचे स्मारक आहे. मराठीत ‘स्मारक’ हा शब्द आपण बहुधा गेलेल्यांसाठी वापरतो, म्हणून हा भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. नाण्यावर प्राणी येतो तेव्हा स्मरण नेमके कोणाचे होत असते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

स्मारक नाणे ही कल्पना आधुनिक नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकात समुद्रगुप्ताने अश्वमेध केला आणि त्या प्रसंगाची सोन्याची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला यूपासमोर उभा असलेला घोडा आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘अश्वमेधपराक्रमः’ हे बिरुद. ही नाणी यज्ञातील दक्षिणेसाठी पाडली असावीत, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. बाजारातल्या देवघेवीसाठी ती मुख्यतः नव्हती, एवढे या मतावरून म्हणता येते, आणि त्या अर्थी आजच्या स्मारक नाण्याशी त्यांचे नाते जवळचे आहे. घोडा अर्थात वन्य प्राणी नव्हे. परंतु नाण्यावर जो दिमाखात उभा आहे तोच यज्ञात मारला जावयाचा आहे, आणि स्मरण मात्र मारविणाऱ्याच्या पराक्रमाचे आहे, हा जो सांधा येथे दिसतो, तो पुढील कित्येक शतके टिकलेला आहे.

त्याच समुद्रगुप्ताचा दुसरा एक नाणेप्रकार ‘व्याघ्रपराक्रम’ या नावाने ओळखला जातो. हातात धनुष्य घेतलेला राजा समोरच्या वाघावर बाण सोडीत आहे आणि वाघ मागे कोसळत आहे. मागल्या बाजूला मकरावर उभी असलेली देवी आहे. ती गंगा असावी, असे बहुतेकांचे मत आहे. समुद्रगुप्ताच्या इतर अनेक नाण्यांवर राजाचा पोशाख कुषाण धाटणीचा, म्हणजे लांब अंगरखा आणि विजार असा दिसतो. वाघ मारणाऱ्या राजाच्या अंगावर तो नाही. येथे त्याने देशी वेष केला आहे. चित्र परक्या वळणातून सुटून स्वतःच्या मुलखात आले ते शिकारीच्या निमित्ताने, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

समुद्रगुप्ताचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त. त्याच्या नाण्यांवर वाघाच्या जागी सिंह आला आणि बिरुद झाले ‘सिंहविक्रम’. चंद्रगुप्ताने पश्चिमेकडील क्षत्रपांचे राज्य जिंकले, तो प्रदेश सिंहांचा, म्हणून हे नाणे त्या विजयाचे स्मारक, असा तर्क बऱ्याच काळापासून केला जातो. तर्क मोहक आहे. परंतु सिंह त्या काळी केवळ सौराष्ट्रात नव्हता. उत्तर भारताच्या फार मोठ्या भागात त्याचा वावर होता. शिवाय सिंहाला मारणारा राजा ही प्रतिमा पश्चिम आशियात गुप्तांच्याही पूर्वी शेकडो वर्षे रूढ होती. तेव्हा नाण्यावरचा प्राणी हा भूगोलाचा सरळ पुरावा मानता येत नाही. तो राजाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचा पुरावा मात्र नक्की आहे. ‘व्याघ्रपराक्रम’ या बिरुदाचाच विचार करावा. ‘ज्याचा पराक्रम वाघासारखा आहे तो’ असा त्याचा सरळ अर्थ. आणि चित्रात तर तो वाघालाच मारीत आहे. ज्याला मारावयाचे त्याचेच नाव मारणाऱ्याने धारण करावयाचे, अशी ही रीत आहे. मृगयेच्या संस्कृतीतला हा आदर खोटा नव्हता, परंतु तो प्राण्याच्या मरणावाचून पुरा होत नसे.

आता ज्या नाण्याचा आम्ही आरंभी उल्लेख केला, त्याकडे वळू. दुसऱ्या चंद्रगुप्ताचा मुलगा पहिला कुमारगुप्त याने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण ४१५ ते ४५५ या काळात, राज्य केले. त्याच्या नाण्यांवर प्राण्यांची चांगलीच गर्दी आहे. सिंह आहे, वाघ आहे, हत्ती आहे, मोराला चारा घालणारा राजा आहे. आणि एका अत्यंत दुर्मिळ प्रकारावर गेंडा आहे. राजा घोड्यावर स्वार असून खाली वाकून तलवारीने गेंड्यावर वार करीत आहे. गेंडा मागे वळून पाहतो आहे. घोड्याची भीती, स्वाराचा झोक आणि गेंड्याचे जड शरीर हे तिन्ही इतक्या लहान वर्तुळात ज्या कारागिराने बसविले, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. नाण्याच्या कडेने जी छंदोबद्ध ओळ आहे, तिच्यात राजाला ‘खड्गत्राता’ म्हटले आहे.

संस्कृतात ‘खड्ग’ म्हणजे तलवार, आणि ‘खड्ग’ म्हणजेच गेंडा. नाकावर तलवारीसारखे शिंग असणारा म्हणून तो खड्ग. बौद्ध साहित्यात एकट्याने विचरणाऱ्या साधकाला गेंड्याच्या शिंगाची जी उपमा दिली जाते, तिच्यातही हाच शब्द आहे. त्यामुळे ‘खड्गत्राता’ या समासाचे दोन विग्रह एकाच वेळी संभवतात. तृतीयेने सोडविला तर अर्थ होतो, खड्गाने रक्षण करणारा. पंचमीने सोडविला तर, खड्गापासून, म्हणजे गेंड्यापासून, रक्षण करणारा. चित्र दोन्ही अर्थ एकदम दाखविते, कारण तलवारही तेथे आहे आणि गेंडाही. श्लेष हा केवळ शब्दाचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांना हे नाणे जरूर दाखवावे. येथे श्लेषाचा दुसरा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो.

तत्पुरुषाला आणखी एक विभक्ती आहे. षष्ठीने विग्रह केला तर ‘खड्गत्राता’ म्हणजे खड्गांचा त्राता, गेंड्यांचे रक्षण करणारा. व्याकरणाचे पंडित येथे हरकत घेतील. ‘त्राता’सारख्या कर्तृवाचक शब्दाशी षष्ठीचा समास नियमात बसत नाही, असे ते म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. कुमारगुप्ताच्या राजकवीच्या मनात हा अर्थ नव्हता, हेही उघड आहे. ज्याच्यावर तलवार उगारली आहे त्याचाच त्राता, हा त्या काळी विनोद झाला असता. तरीही नाण्यांचा पुढचा इतिहास पाहिला तर याच तिसऱ्या विग्रहाकडे आपण सरकत आलो आहोत असे दिसते. नियमात न बसणारा अर्थ दीड हजार वर्षांनी राज्यसंस्थेने आपला म्हणून स्वीकारला. तो कसा, हे आता पाहावयाचे आहे.

मधल्या शतकांत गेंड्याचा प्रदेश आकसत गेला. सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मचरित्रात पेशावरच्या बाजूच्या आणि शरयूकाठच्या गेंड्यांची नोंद केली आहे. म्हणजे कुमारगुप्तानंतर हजार वर्षांनीही हा प्राणी केवळ आसामचा झालेला नव्हता. इंग्रजी अमदानीत मात्र बंदूक, शेती आणि चहाचे मळे यांपुढे तो मागे हटत गेला. वाघाच्या बाबतीत तर सरकारी धोरणच त्याला मारण्याचे होते. मारलेल्या वाघामागे सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळे. ज्या नाण्यांत ते मिळे त्यांच्यावर राजाचा मुखवटा असे.

या संदर्भात १९११ हे साल विशेष बोलके आहे. त्या वर्षी पंचम जॉर्जच्या छापाचा नवा रुपया आला. मुखवट्याचे काम बर्ट्रम मकेनल या शिल्पकाराचे. बादशहाच्या अंगावरील झुलीवर जो साखळीहार कोरला होता, त्यात एक बारीकसा हत्ती होता. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उतरले, की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. ही बोलवा पसरताच सरकार सावध झाले. काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय घडले, हे राज्यकर्ते विसरलेले नव्हते. त्या रुपयाचे वाटप थांबविण्यात आले, टांकसाळीत पडून असलेली लक्षावधी नाणी वितळविण्यात आली, आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड स्पष्ट करून नवा ठसा घडविण्यात आला. आज संग्राहक त्या रुपयाला ‘डुकरी रुपया’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि त्याला चांगली किंमत देतात.

त्याच वर्षी, दिल्ली दरबार १२ डिसेंबर १९११ रोजी पार पडल्यावर, पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीस गेले. सुमारे दहा दिवसांत त्यांच्या मंडळींनी ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. झुलीवरच्या तीळभर हत्तीचा आकार चुकला म्हणून नाणी परत घेणारे सरकार आणि तराईतली ही शिकार, दोन्ही एकाच वर्षातली. यात त्या काळाच्या दृष्टीने विसंगती नव्हती. हत्तीचा प्रश्न प्रजेच्या भावनेचा होता, म्हणून तो राजकारणाचा होता. वाघाचा आणि गेंड्याचा प्रश्न अद्याप कोणाचाच नव्हता. शिवाय समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा आणि वाघ समोरासमोर होते, एकाच भूमीवर उभे होते. १९११च्या रुपयावर प्राणी राजाच्या वस्त्रावरील अलंकार झाला आहे. शिकार प्रत्यक्षात चालू होती, परंतु नाण्यावरून ती नाहीशी झाली होती.

वाघ पुन्हा नाण्यावर आला तो साम्राज्य मावळताना. त्याआधीची एक लहानशी घटना येथे नमूद करावयास हवी. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली, तेव्हा तिच्या मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरील सिंह आणि ताडाचे झाड हे चित्र पुढे आले. विचारान्ती सिंह काढून त्याच्या जागी वाघ घालण्यात आला, कारण हिंदुस्थानचे वैशिष्ट्य वाघात अधिक आहे असे ठरले. पुढे महायुद्धाच्या काळात चांदीचा तुटवडा पडला आणि १९४६-४७मध्ये निकेलची नाणी आली. पावली, अधेली आणि मग रुपया, या तिन्हींच्या एका बाजूला सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला चालत जाणारा वाघ. राजा आणि वाघ आता एकाच बाजूला नाहीत. ते पाठीला पाठ लावून आहेत. त्या वाघावर कोणी बाण रोखलेला नाही. नाण्याच्या बंदिस्त वर्तुळात तो आपल्या वाटेने चालला आहे.

नेमक्या याच वेळी जुना वाघही जमिनीतून वर आला. फेब्रुवारी १९४६मध्ये भरतपूर संस्थानात, बयान्याजवळच्या एका खेड्यात, गुप्तकालीन सोन्याच्या नाण्यांचा हंडा सापडला. महाराजांची शिकार उरकल्यावर रिकामी काडतुसे वेचीत फिरणाऱ्या मुलांना तो दिसला, असे सांगितले जाते. काही नाणी लोकांनी वितळविली. तरीही अठराशेहून अधिक हाती लागली. गुप्त नाण्यांचा एवढा मोठा साठा दुसरा सापडलेला नाही. त्यांची तपशीलवार सूची अनंत सदाशिव आळतेकर या मराठी इतिहाससंशोधकाने तयार केली आणि ती १९५४ साली प्रसिद्ध झाली. समुद्रगुप्ताचा वाघ, चंद्रगुप्ताचा सिंह, कुमारगुप्ताचा गेंडा यांच्याविषयी आज जे खात्रीने बोलता येते, त्यातील बराच भाग आळतेकरांच्या या कामावर उभा आहे. मृगयेच्या सुवर्णमुद्रा मृगयेच्या मागे राहिलेला कचरा वेचताना सापडाव्यात, हा योगायोग असेल; परंतु शिकार ही राजेपणाची खूण म्हणून सोळाशे वर्षे किती अखंड चालत आली होती, हे त्यातून कळते.

ती खूण लवकरच पुसली गेली. १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची नाणी आली. राजाच्या जागी अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष आला आणि रुपयावरील वाघाच्या जागी धान्याची कणसे आली. नव्या राष्ट्रापुढे अन्नाचा प्रश्न होता, तेव्हा कणसांची निवड समजण्यासारखी आहे. परंतु रूपकाचा शब्दशः अर्थही कधी कधी खरा ठरतो. त्यानंतरच्या दोन दशकांत वाघाच्या जागी कणसे, हे जमिनीवरही घडत गेले. तराईत हिवताप आटोक्यात आल्यावर वस्ती वाढली, जंगले तुटली आणि गेंड्यांच्या चराऊ कुरणांची शेते झाली. चितवनच्या खोऱ्यात १९६०च्या दशकाअखेर सुमारे शंभरच गेंडे उरले होते. भारतात १९७२च्या गणनेत १८२७ वाघ मोजले गेले. राणांच्या राजवटीत गेंडा हा राजाखेरीज इतरांना मारण्याची मनाई असलेला प्राणी होता, आणि चितवन हे त्यांचे राखीव शिकारक्षेत्र होते. मारण्याचा हक्क स्वतःकडे राखताना राजांनी रानही राखले, ही गोष्ट नाकारता येत नाही. लोकशाही आणि शेती यांच्या न्याय्य मागण्यांपुढे ते रान टिकेना, हेही तितकेच खरे.

अशा वेळी, १९७०च्या दशकाच्या मध्यावर, वन्य प्राण्यांच्या स्मारक नाण्यांची आधुनिक प्रथा सुरू झाली. जागतिक वन्यजीव निधी आणि निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या पुढाकाराने, लंडनच्या राजटांकसाळीच्या साहाय्याने, अनेक देशांनी सोन्याचांदीची नाणी काढली. ती संग्राहकांसाठी होती, आणि विक्रीतील काही वाटा संवर्धनाकडे जावयाचा होता. नेपाळने १९७४ साली या मालिकेत तीन नाणी दिली. पंचवीस रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर डांफे म्हणजे हिमालयीन मोनाल, पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर लाल पांडा, आणि हजार रुपयांच्या सोन्याच्या नाण्यावर एकशिंगी गेंडा. चितवनचे राष्ट्रीय उद्यान आदल्याच वर्षी, १९७३मध्ये, जाहीर झाले होते. कुमारगुप्तानंतर सुमारे दीड हजार वर्षांनी उपखंडातला गेंडा असा पुन्हा सोन्यात उमटला. धातू तोच, प्राणी तोच. या वेळी घोडेस्वार नाही, तलवारही नाही. ‘खड्गत्राता’चा षष्ठीचा विग्रह येथे प्रथमच, एकही अक्षर न लिहिता, नाण्यावर आला.

याच मालिकेत मॉरिशसने १९७५ साली पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर आपल्या बेटावरचा एक लहान ससाणा घेतला. मॉरिशस केस्ट्रेल या नावाने तो ओळखला जातो. आदल्या वर्षी रानात त्याचे चारच पक्षी माहीत होते. म्हणजे त्या पक्ष्याचे चित्र असलेली नाणी प्रत्यक्ष पक्ष्यांहून कितीतरी अधिक होती. स्मारक या शब्दाच्या मराठी अर्थाच्या इतक्या जवळ गेलेले दुसरे नाणे आमच्या माहितीत नाही. सुदैवाने तो पक्षी वाचला. बंदिवासात अंडी उबवून, पिले वाढवून आणि मोकळी सोडून त्याची संख्या पुढे काही शेकड्यांवर नेण्यात आली.

संग्राहकाच्या नाण्याला आणि संकटात सापडलेल्या प्राण्याला जोडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दुर्मिळता. दोन्हींचे मोल तिच्यामुळे वाढते. परंतु परिणाम उलटे होतात. नाणे दुर्मिळ झाले की लोक त्याला जपतात, हातमोजे घालून उचलतात, पिढ्यान्पिढ्या राखतात. गेंडा दुर्मिळ झाला की त्याच्या शिंगाची किंमत वाढते आणि तो अधिकच मारला जातो. नेपाळमधील यादवीच्या वर्षांत, पहारे मागे घेतले गेले तेव्हा, चितवनमधील गेंड्यांची चोरटी शिकार एकदम वाढली. सोन्याच्या नाण्यावरचा गेंडा तेव्हाही तिजोऱ्यांत सुरक्षित होता. पुढे संरक्षण पुन्हा उभे राहिले आणि २०२१च्या गणनेत नेपाळमध्ये ७५२ गेंडे मोजले गेले. हे काम नाण्याने केले नाही. ते पहाऱ्याने आणि रानाच्या काठावर राहणाऱ्या गावांच्या सहभागाने झाले.

भारतात गेंडा नाण्यावर आला तो वेगळ्या तऱ्हेने. १९८८पासून निघालेल्या पोलादी पावलीवर एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि दुसऱ्या बाजूला गेंडा होता. हे स्मारक नाणे नव्हते. ते भाजीवाल्याच्या गल्ल्यात, बसवाहकाच्या पिशवीत, मुलांच्या डब्यात फिरले. त्या गेंड्याकडे कोणी मुद्दाम पाहिले नसेल, परंतु ज्यांनी आसाम कधी पाहिला नाही अशा लक्षावधी हातांनी तो रोज हाताळला. पुढे पावलीत काही विकत मिळेनासे झाले आणि ३० जून २०११पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. नाण्यावरचा प्राणी अशा रीतीने आधी बाजारातून गेला आणि मग संग्राहकांच्या पेटीत शिरला. आज वन्य प्राण्यांचे जे नाणे निघते ते पहिल्या दिवसापासून पेटीतलेच असते.

२०२३चे नाणे या ओळीतले. ते ज्याचे स्मरण करते ते कार्य लहान नाही. १ एप्रिल १९७३ रोजी नऊ अभयारण्यांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्यात आपले मेळघाट होते. मधल्या काळात सरिस्का पूर्णपणे वाघांवाचून झाले, २००६च्या गणनेत देशभरात १४११ इतकेच वाघ दिसले, आणि तेथून २०२२च्या गणनेचा अंदाज ३६८२वर आला. मोजण्याच्या पद्धती बदलल्यामुळे हे आकडे एकापुढे एक ठेवताना सावध राहावे लागते; तरीही नष्ट होईल असे वाटणारा प्राणी नष्ट झाला नाही, एवढे निश्चित. याचे नाणे निघावे यात गैर काही नाही.

आमचा आक्षेप नाण्याला नाही, समासातल्या एका उणिवेला आहे. ‘त्राता’ म्हटले की दोन प्रश्न उभे राहतात : कोणाचा, आणि कोणापासून. कुमारगुप्ताच्या नाण्यावर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रातच होते. रक्षण प्रजेचे, आणि ते गेंड्यापासून. आजच्या नाण्यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिसते, दुसऱ्याचे दिसत नाही. वाघाचे रक्षण करावयाचे ते कोणापासून? तस्करापासून, हे सोपे उत्तर. परंतु रस्त्यांपासून, खाणींपासून, धरणांपासून, म्हणजे ज्या शासनाने नाणे काढले त्याच्याच इतर कामांपासूनही ते करावे लागते. आणि प्रत्यक्षात पुष्कळदा त्याचा भार पडला तो रानातच राहणाऱ्यांवर. चितवनमधून थारूंना, मेळघाटातून कोरकूंना आपली गावे सोडावी लागली. काहींना बाहेर बरे दिवस आले, काहींना आले नाहीत. राजाच्या शिकारीच्या नाण्यावर हाकारे घालणारे कधीच दिसले नव्हते. वाघाच्या रक्षणाच्या नाण्यावर विस्थापित दिसत नाहीत.

नाण्याखेरीज वाघाचे दुसरेही स्मारक आपल्याकडे आहे, म्हणून त्याचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. वारली आणि इतर आदिवासींच्या पाड्यांच्या सीमेवर वाघोबाची लाकडी वा दगडी मूर्ती असते. तिला शेंदूर लागतो, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हा तिची पूजा होते. त्या मूर्तीसमोर उभा असलेला माणूस वाघाला मारणारा नसतो आणि वाघाला तारणाराही नसतो. आपली गुरे सांभाळून घे, आम्ही तुझ्या वाटेत येणार नाही, एवढेच त्या नात्यात असते. कधी ते पाळले जाते, कधी मोडते. राजसत्तेच्या नाण्यावर हे नाते कधी उमटले नाही. तेथे कोणीतरी पराक्रमी असावा लागतो. समुद्रगुप्ताला तो पराक्रम वाघ मारण्यात दिसला, आधुनिक शासनाला वाघ वाचविण्यात दिसतो; आणि या बदलाला आम्ही निःसंशय प्रगती म्हणू. मात्र दोन्ही वेळा बिरुद एकाच बाजूला राहिले आहे.

भारताच्या प्रत्येक नाण्यावर, स्मारक असो वा नसो, अशोकाचे सिंह असतातच. ज्या प्राण्याची ही मुद्रा, तो आज भारतात केवळ गुजरातेत गीर आणि त्याच्या आसपास उरला आहे. २०२५च्या गणनेत तो ८९१ भरला. एकेकाळी ज्याच्या नावाने चंद्रगुप्ताने ‘सिंहविक्रम’ म्हणवून घेतले, त्याचे चित्र आपण रोज खिशात घालून हिंडतो आणि त्याच्याकडे पाहत नाही. साहित्याच्या वर्गात श्लेष शिकविताना यापुढे एखादे साधे नाणे बाकावर ठेवावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे, की येथे कोणाचा पराक्रम लिहिला आहे आणि कोणाचा नाही. ‘खड्गत्राता’चा चौथा विग्रह कदाचित त्यांतला कोणी करील.